मांडसई : चौदा

"ओ खातूकाका, साप दिवाळीच्या सुट्टीवर गेलेत की काय?"

शर्मिला घागने हे विचारलं तेव्हा मी दारात चपला काढत होतो. सकाळचे साडेदहा वाजले असतील. आमच्या गावात एका ट्रस्टच्या तीन रुग्णवाहिका होत्या. त्यांच्यासाठी येणारे फोन घ्यायला बाजारपेठेत पिठाच्या गिरणीच्या माडीवर एक खोली होती. खाली दळण चालायचं, वर शर्मिला फोन घ्यायची, आणि तिच्या कॉम्प्युटरवर बारा महिने पिठाची साय असायची. त्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम माझा. मी आठवड्यातून एकदा यायचो, फडक्याने पीठ पुसायचो, चहा प्यायचो, दोन थापा मारायचो आणि जायचो. देखभाल देखभाल म्हणतात ती हीच.

"का ग? कोणाला चावला नाही म्हणून रुखरुख लागली?"

"चावला नाही कसा! भातकापणी चालू आहे. गेल्याच आठवड्यात इस्माईलभाईंनी दोन पेशंट मांडसईला पोचवले. पण हे आकडे बघा. मांडसई चौदा. सोमवारी चौदा, गुरुवारी चौदा, आज पण चौदा. ती लोकं इंजेक्शन टोचतात की नुसतं दाखवतात?"

स्क्रीनवर तालुक्यातली सात आरोग्य केंद्रं होती आणि प्रत्येकापुढे, सापाच्या विषावरच्या किती कुप्या शिल्लक आहेत तो आकडा. केंद्रातले लोक रोजचा आकडा जिल्ह्याच्या कॉम्प्युटरवर भरायचे. आमचा प्रोग्रॅम दर दहा मिनिटांनी त्या कॉम्प्युटरला विचारायचा, तो उत्तर द्यायचा, आकडा इथे उमटायचा. विचारायला जाणारा जो तुकडा, त्याला आमच्या धंद्यात लायब्ररी म्हणतात. पुस्तकांशी संबंध नाही. मी त्याचं नाव निरोप्या ठेवलं होतं. जा, विचार, ये, सांग. एवढंच त्याचं काम.

"मांडसईची माणसं तुला ठाऊक नाहीत," मी खुर्चीत बसत म्हटलं. "तिथल्या एका मास्तरांना नाग चावला होता. मास्तर हात धुऊन वर्गावर गेले आणि नाग तीन दिवस ओकत होता. शेवटी त्यालाच सलाईन लावावं लागलं."

"कुठे लावलं?"

"शेपटीला. शीर सापडेना म्हणून दोनदा टोचलं."

शर्मिला खळखळून हसली. तिला हसवणं सोपं होतं. मस्कतच्या एका कॉम्प्युटरमध्ये शिरलेली पाल मी इथून फोनवरून हुसकली होती, ही थाप तिने माझ्याकडून निदान पाच वेळा ऐकली असेल, दर वेळी पाल थोडी मोठी.

हसता हसताच मी निरोप्याची वही उघडली. तो कधी गेला, काय घेऊन आला, हे प्रोग्रॅम आपसूक टिपत असतो. एरवी ती वही कोणी वाचत नाही. मी शेवटची ओळ वाचली. गेलो, थांबलो, उत्तर नाही. वरची ओळ तशीच. तिच्या वरचीही तशीच. मी वर वर सरकत गेलो. शनिवार, शुक्रवार, बुधवार. नऊ दिवस मागे गेल्यावर एकदाचं उत्तर सापडलं. त्यात मांडसईचा आकडा चौदा होता.

"काय ओ, गप्प का झालात?"

"काही नाही. जरा साफसफाई करतो."

आणि तेवढ्यात फोन वाजला. भिंतीवरच्या घड्याळात दहा बावन्न.

शर्मिला फोन स्पीकरवर घ्यायची, हात लिहायला मोकळे राहावेत म्हणून. त्यामुळे मी सगळं ऐकलं.

"हॅलो, मी अनंत शिगवण बोलतोय, धनगरकोंडातून. माझ्या बायकोला नाग चावला. शेतात. फणा मी स्वतः बघितला."

"वय किती? नाव काय?"

"वनिता. चौतीस. अहो, बोलता येतंय तिला, पण जीभ जड झाली म्हणते."

"दादा, तिला चालवू नका. आडवी ठेवा. गाडी निघाली समजा." तिने एका हाताने दुसरा फोन उचललासुद्धा होता. "इस्माईलभाई, धनगरकोंड. नाग. बाई आहे, चौतीस."

आमचा ड्रायव्हर इस्माईल सोलकर निघताना कधी प्रश्न विचारायचा नाही. खाली गिरणीच्या घरघरीतही गाडीचा भोंगा ऐकू आला आणि मग लांब गेला.

धनगरकोंडातून गाडी खाली तिठ्यावर येते. तिठ्यावरून डावीकडे मांडसई, बारा किलोमीटर, पण सगळा घाट, आणि घाटात मोबाईलला रेंज नाही. उजवीकडे कोळवाड्याचं ग्रामीण रुग्णालय, पंचवीस किलोमीटर. शर्मिलाने स्क्रीनकडे पाहिलं. मांडसई चौदा, कोळवाडे सहा. तिने कागदावर लिहिलं, मांडसई.

मी तिला काही बोललो नाही.

मला वाटलं, पाच मिनिटांचं काम आहे. गाडी धनगरकोंडात पोचायलाच वीस मिनिटं लागणार. तोवर मी निरोप्याला ताळ्यावर आणीन, ताजा आकडा येईल, तो चौदा असेल नाही तर तेरा असेल, आणि कोणाला काही कळायची गरजच नाही. हाताखालचं यंत्र अडलं की माझ्या बोटांना हुरूप यायचा. खोटं कशाला सांगू, त्या दिवशीही आला.

आधी आपलं इंटरनेट बघितलं. चालू होतं, बातम्यांचं पान झटकन उघडलं. मग जिल्ह्याच्या कॉम्प्युटरचा पत्ता टाकला. पडद्यावर गोल चकली फिरायला लागली ती फिरतच राहिली. म्हणजे तिकडचा कॉम्प्युटर मेला असणार. मी मोबाईल घेऊन जिन्यात गेलो आणि जिल्ह्याला फोन लावला.

"बंद कुठे?" तिकडचा मुलगा म्हणाला. "इतर तालुके घेतायत की डेटा. आम्ही दसऱ्यानंतर नवीन मशीनवर गेलो. पत्ता बदललाय. नाव तेच आहे, आकड्यातला पत्ता बदललाय. मेल केला होता ना सगळ्यांना?"

मेल आला असेल. मी मेल वाचत नसे, मला मेल वाचून दाखवणारा कोणी ठेवायला हवा होता. पण दुखणं कळलं. इतर तालुके नाव विचारून जात होते, म्हणून नव्या घरी पोचत होते. आमच्या निरोप्याला मी जुन्या घराचा पत्ता आकड्यांत पाठ करून दिला होता, दोन सेकंद वाचावेत म्हणून. गेले नऊ दिवस तो रिकाम्या घराचं दार वाजवत होता.

जिन्यातून मांडसईलाही फोन लावता आला असता, हे तुमच्या मनात आलं असेल. माझ्याही आलं. मांडसईचा नंबर शर्मिलाच्या खणातल्या वहीत होता. वही मागितली असती तर तिने विचारलं असतं, कशाला?

मी परत खुर्चीत येऊन बसलो तेव्हा अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती. इस्माईलचा फोन आला.

"ताई, पेशंट घेतला. नवरा बरोबर आहे. पापण्या मिटायला लागल्यात तिच्या. कुठे नेऊ?"

"मांडसई. चौदा आहेत."

"निघालो."

पत्ता मी कुठे लिहून ठेवला होता ते मलाच आठवेना. एका ठिकाणी सापडला, बदलला, प्रोग्रॅम पुन्हा चालू केला. उत्तर नाही. म्हणजे आणखी कुठे तरी असणार. जुनं लिखाण म्हणजे आपल्याच हाताने बुजवलेली विहीर. वर झाड उगवल्यावर तोंड कुठे होतं ते मालकालाही सांगता येत नाही. दुसरी जागा सापडली. तरी उत्तर नाही. शर्मिला मान वळवून बघत होती.

"काका, घाम का आलाय एवढा? पंखा वाढवू?"

"वाढव."

तिसरी जागा मला दिसली आणि त्याच क्षणी तिचा फोन वाजला. अकरा एकवीस.

"ताई, तिठ्यावर आहे." इस्माईलच्या मागे कोणी तरी बाईचं नाव घेऊन हाका मारत होतं. "बाईचा श्वास बरोबर नाही. मांडसई नक्की ना? नाही तर कोळवाड्याला मोठा डॉक्टर आहे, श्वासाचं मशीन आहे. मी एकदा घाटात शिरलो की तुमचा फोन लागायचा नाही मला."

शर्मिलाने फोनवर हात ठेवला. इतक्या दिवसांत तिने मला कामातलं असं पहिल्यांदा विचारलं.

"काका, मांडसई चौदा. नक्की?"

आकडा नऊ दिवसांचा शिळा आहे, एवढेच शब्द बोलायचे होते. मी हिशेब केला होता की आणखी एक मिनिट मिळालं तर ताजा आकडा माझ्या समोर असेल. पण इस्माईल तिठ्यावर उभा होता, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती. माझ्या तोंडाला गप्प बसायची किंवा नकाराची सवयच नव्हती. कोणी काही विचारलं की उत्तर तयार. ते तयारच होतं.

"नक्की," मी म्हटलं. "सोड त्याला."

"इस्माईलभाई, मांडसई. नक्की."

तिने फोन ठेवला. मी तिसऱ्या जागेचा पत्ता बदलला, प्रोग्रॅम चालू केला. निरोप्या गेला आणि दोन सेकंदांत परत आला. स्क्रीनवरचे सातही आकडे हलले. मांडसई शून्य. कोळवाडे नऊ.

शर्मिलाने तिकडे पाहिलं. तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिने इस्माईलला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. चार वेळा लावला. मग खण उघडून वही काढली आणि मांडसईचा नंबर फिरवला.

"शून्य?" तिकडचा औषधवाला म्हणाला. "चार दिवस झाले संपून. मागणी टाकलीय. आम्ही रोज शून्यच भरतोय की कॉम्प्युटरवर. बघत नाही काय तुम्ही?"

"आमची गाडी येतेय तुमच्याकडे," शर्मिला म्हणाली. "नागाचा पेशंट आहे. गेटवरच थांबवा आणि कोळवाड्याला फिरवा. गेटवरच हं, उतरवू नका. डॉक्टर असतील तर त्यांना गाडीत बसवा."

"डॉक्टर आज तालुक्याला मीटिंगला गेलेत."

तिने फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली.

"दोन मिनिटांत चौदाचे शून्य कसे झाले?"

"आत्ताच आकडा पोचला असेल," मी म्हटलं. "तिकडे कधी कधी तुंबतं."

"चार दिवस?"

मी फडकं घेतलं आणि कीबोर्डवरचं पीठ पुसायला लागलो.

इस्माईल मांडसईच्या गेटवर पावणेबाराला पोचला आणि तिथूनच मागे फिरला. घाट उतरून तिठ्यावर आला तेव्हा सव्वाबारा होत होते. तिथून त्याचा फोन आला. तो एवढंच म्हणाला, "कोळवाड्याला सांगून ठेवा." शर्मिलाने सांगितलं. मग आम्ही दोघं बसून राहिलो. खाली कोणाचं तरी ज्वारीचं दळण चाललं होतं आणि गिरणीवाला त्या बाईला सांगत होता की बारीक हवं असेल तर थांबावं लागेल.

एक वाजायला थोडा वेळ असताना फोन आला.

"ताई, कोळवाड्याच्या पुलाजवळच गेली," इस्माईल म्हणाला. "दवाखान्यात नेतोय तरी. नवरा अजून तोंडाने श्वास देतोय तिला. त्याला कसं सांगू थांब म्हणून?"

मी दुपारी कोळवाड्याला गेलो. तिथल्या कॉम्प्युटरचं काही तरी बघायचं आहे, असं ट्रस्टला सांगून. डॉक्टर हात धूत होत्या. मी आडून आडून विचारलं. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तिठ्यावरून सरळ इकडे आली असती तर बारा वाजता माझ्या टेबलावर असती. श्वास चालू असताना. नागाचं विष तसं उतरतं हो, वेळेत नळी घातली की. दुपारी चारला तिने चहा मागितला असता."

ते चौदाचं प्रकरण मुळात का घडलं, हे मी तोवर कोणाला सांगितलं नव्हतं. प्रोग्रॅमचं उद्घाटन झालं त्या दिवशी जिल्ह्याहून बडे साहेब आले होते. हार, समई, माईक, सगळं मांडलेलं. साहेबांनी बटण दाबायला पाच मिनिटं असताना जिल्ह्याचा कॉम्प्युटर गप्प झाला. स्क्रीनवर सात गावांची नावं आणि पुढे सात रिकामी घरं. ट्रस्टच्या अध्यक्षांचं तोंड बघवेना. मी पडद्याच्या मागे मांडी घालून बसलो आणि निरोप्यात चार ओळी घातल्या. उत्तर मिळालं नाही तर मागचंच उत्तर सांग. त्याच रंगात, त्याच अक्षरात, चेहऱ्यावर काही दाखवू नकोस. साहेबांनी बटण दाबलं, सकाळचे आकडे उमटले, टाळ्या पडल्या. मला नारळ आणि शाल मिळाली.

दुसऱ्या दिवशी मी त्या ओळी काढणार होतो. पण लोक म्हणायला लागले की खातूंचा प्रोग्रॅम कधी बंद पडत नाही. अख्ख्या जिल्ह्यात बंद पडतो, आमच्याकडे पडत नाही. शर्मिला तेव्हा रोज सकाळी सातही केंद्रांना फोन करून आकडे वहीत लिहायची. ते मीच हसून बंद करवलं. म्हटलं, बैलगाडी काय ओढतेस, मोटार दिलीय ना.

त्या रात्री घरी बसून मी त्या चार ओळी काढल्या. आता उत्तर आलं नाही तर घर रिकामं दिसतं. मी हे काम केलं, आणि मग निरोप्याची वही उघडून नऊ दिवसांची पानंही पुसली.

शर्मिलाने दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सातही केंद्रांना फोन करायला सुरुवात केली. मी समोर बसलेलो असलो तरी करायची. मला चहा द्यायची. मला ती आता नुसतं 'ऐका' म्हणायची. नाव नाही, काका नाही.

पंधरा-सोळा दिवसांनी अनंत शिगवण आला. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होतो. एसटीत कंडक्टर होता. डोकं भादरलेलं, त्यावर बारीक केस आलेले, अंगात खाकी तशीच. डेपोत रजेच्या अर्जाला जोडायला त्याला गाडी कधी बोलावली, कधी पोचली, याचा कागद हवा होता. शर्मिलाने कागद काढून दिला. त्याने उभ्या उभ्याच एकेका वेळेवर बोट ठेवत तो वाचला.

"दहा बावन्न," तो म्हणाला. "बरोबर. माझ्या घड्याळात दहा त्रेपन्न होते."

"पाणी देऊ?" शर्मिलाने विचारलं.

"नको, ताई." त्याने कागदाची घडी केली आणि माझ्याकडे बघितलं. "कॉम्प्युटरचे साहेब तुम्हीच ना? इस्माईलभाई म्हणाले, त्या दिवशी तुम्ही फार धडपड केलीत. मांडसईला इंजेक्शन संपलंय हे तुम्हीच शोधून काढलंत."

मी मान हलवली. होकारार्थी होती की नकारार्थी, ते माझं मलाच सांगता येणार नाही.

"एक विचारायचं होतं. घरच्यांना विचारून उपयोग नाही, ते मला जपतात. तुम्हाला वेळांचं समजतं." तो बाकावर टेकला. "तिला चावला तो साडेदहाला. मी लगेच फोन नाही केला. आमच्या वरच्या वाडीत एक म्हातारा विष उतरवतो. तिला उचलून त्याच्या अंगणात नेऊन ठेवली. वीस मिनिटं. ती म्हणत होती, अहो, गाडी बोलवा, आणि मी म्हणत होतो, गप्प बस, बाबा मंत्र म्हणतायत. वीस मिनिटं, साहेब. वीस मिनिटांत आम्ही डेपोत गाडी झाडून, पाणी मारून, मार्गाला लावतो."

शर्मिलाचा फोन वाजत नव्हता. तिने हातातलं पेन टेबलावर ठेवलं होतं आणि ती माझ्याकडे बघत होती, त्या दिवशी तिठ्याच्या वेळी बघत होती तशीच.

"ती माझ्या त्या वीस मिनिटांनी गेली का? तेवढंच सांगा."

डॉक्टरांचं वाक्य मला शब्दन् शब्द पाठ होतं. त्यात ती वीस मिनिटं धरलेली होती. धरूनसुद्धा ती बारा वाजता टेबलावर होती, श्वास चालू असताना.

"वीस मिनिटं म्हणजे," मी म्हटलं, "तसा बराच वेळ झाला हो, शिगवण."

मग त्याने मान हलवली, एखाद्या उतारूने योग्य सुटे दिल्यावर हलवावी तशी.

"बरं झालं, साहेब," तो म्हणाला. "सगळे नाही नाही म्हणतात. कोणी तरी खरं सांगायला हवं होतं."

त्याने दोघांना नमस्कार केला, कागद वरच्या खिशात ठेवला, खिशाचं बटण लावलं. मग जिना उतरायला लागला. गुडघे दुखत असावेत, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत उतरत होता. हाक मारायला तेवढा वेळ पुष्कळ होता.